पगारेबाईंचं 'बोलावे'

सरकारी फाईलवर जे काही शेरे मारले जातात त्यांत 'बोलावे' हा सगळ्यात सज्जन शेरा. 'नामंजूर' लिहिलं तर माणूस चिडतो, वर तक्रार करतो. 'मंजूर' लिहिलं तर उद्या आपल्यालाच कुणी जाब विचारायचा. 'बोलावे' म्हणजे या विषयावर माझ्याशी येऊन बोलावे. दिसायला आमंत्रण, पण फाईल खाली येते, कारकून ती मांडणीवर ठेवतो, कुणी बोलायला जात नाही आणि कुणी यावं अशी साहेबांचीही अपेक्षा नसते. हे आमच्या ऑफिसात शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होतं. पगारेबाईंनाही ठाऊक होतं, फक्त त्यांना ते मान्य नव्हतं.

मी चौऱ्याहत्तर साली नाशिकच्या त्या सरकारी ऑफिसात कारकून म्हणून लागलो. घर पंचवटीत, घरात पिढ्यान्‌पिढ्या भिक्षुकी. वडील रामकुंडावर यजमानांची वाट बघत बसायचे, त्यामुळे वाट बघणं मला कुणी शिकवावं लागलं नाही. हेडक्लार्क वाणी यांनी मला आवक-जावकच्या टेबलाशी पगारेबाईंच्या शेजारी बसवलं. बाईंनी मला वरून खालपर्यंत बघितलं आणि नाव विचारलं. मी दीक्षित म्हणून सांगितलं. पुढचा प्रश्न, काम उद्यावर टाकता का? मी नाही म्हटलं. "सगळे नाहीच म्हणतात," असं म्हणून त्यांनी टपालाचा एक गठ्ठा माझ्यापुढे सरकवला.

बाई तेव्हा पस्तिशीच्या होत्या. ठेंगण्या, काटक, पदर कमरेला खोचलेला. आवाज टपालाच्या शिक्क्यासारखा, एकदाच आणि ठळक उमटणारा. माहेर सायखेड्याचं, सासर नाशिकरोडच्या बौद्ध वसाहतीत. नवरा छापखान्यात, दोन मुली, अंथरुणाला खिळलेली सासू. एवढं सगळं उरकून त्या सव्वादहाला शालिमारला बसमधून उतरायच्या आणि साडेदहाला टेबलाशी उभ्या असायच्या. उभ्या म्हणजे खरोखर उभ्या. पहिला तासभर त्या खुर्चीवर बसतच नसत. बूड टेकलं की काम पण बूड टेकतं, असं त्यांचं म्हणणं. चहा आला की दोन घोटांत संपवायच्या. आमचा चहा कपात साय धरेपर्यंत गप्पा चालायच्या. बाई तोवर चार पत्रं जावक करून मोकळ्या. सकाळी आलेला कागद संध्याकाळी त्यांच्या टेबलावर कधी दिसला नाही, आणि हा नियम त्यांना कुणी घालून दिलेला नव्हता.

'राहून गेलं' या दोन शब्दांचा त्यांना भयंकर राग. मला खात्याची परीक्षा द्यायची होती. ती दिल्याशिवाय बढती नाही. दोन वर्षं मी फॉर्म भरला नव्हता. एकदा सहज म्हणालो, बाई, यंदाही राहून गेलं. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "राहून कसं गेलं? ते काय पाहुणे होते का? तुम्ही सोडलंत. सोडलं म्हणा, म्हणजे निदान कोणी सोडलं ते तरी कळेल." मी हसून वेळ मारून नेली. त्या हसल्या नाहीत. मी त्यांना मनातल्या मनात खडूस ठरवून टाकलं, आणि पुढचे सहा महिने माझं ते मत अगदी पक्कं होतं.

ते बदललं पेठकडच्या एका मास्तरांमुळे. डोंगरातल्या कुठल्याशा पाड्यावर त्यांची शाळा. वादळात कौलं उडाली होती. दुरुस्तीच्या मंजुरीचा कागद आमच्याकडून जायचा होता. मास्तरांनी चार पत्रं लिहिली होती आणि चारही एकाच फाईलमध्ये एकाच शेऱ्याखाली निवांत पडून होती. शेवटी ते स्वतः आले. मळकं धोतर, हातात पिशवी, घाबरलेला चेहरा. वाणी त्यांना म्हणाले, साहेबांच्या विचाराधीन आहे, पुढच्या महिन्यात चक्कर मारा. मास्तर वळले. दाराशी बाईंनी त्यांना अडवून काय काम होतं ते विचारलं.

"दोन सालं झाली बाई. कौलं नाय. पोरं आंब्याखाली बसवतो. पाऊस आला का शाळा सुटती."

बाईंनी फाईल काढली, शेरा बघितला, आणि मास्तरांना म्हणाल्या, साहेबांनी तुम्हाला बोलवलंय की, चला. वाणी खुर्चीतून अर्धे उठले. तोवर फाईल आणि मास्तर, दोघांना घेऊन साहेबांच्या खोलीत बाई पोचल्याही होत्या. दार उघडंच होतं, आम्ही सगळे कान लावून.

आमचे सामंत साहेब वाईट मनुष्य नव्हते, हे सांगितलं पाहिजे. मऊ बोलायचे, कुणाला दुखवायचे नाहीत, आणि कुठलाच निर्णय घ्यायचे नाहीत. फाईल आणि मास्तर एकदम समोर बघून ते गोंधळले. बाई शांतपणे म्हणाल्या, "साहेब, आपण लिहिलंय बोलावे. आम्ही बोलायला आलोय."

"अहो बाई, बोलावे म्हणजे तसं नव्हे."

"मग कसं, साहेब?"

'बोलावे' म्हणजे बोलू नये, असं तोंडाने कोण म्हणेल? दहा मिनिटांत मास्तर आंब्याची, पावसाची, पोरांची सगळी हकिगत सांगून मोकळे झाले आणि साहेबांनी सही केली. बाई बाहेर आल्या, पत्र टाईप करवलं, जावक नंबर घातला आणि मास्तरांच्याच हातात दिलं. त्या दिवसापासून त्यांनी हा धडाकाच लावला. ज्या फाईलवर 'बोलावे' दिसेल ती घेऊन त्या साहेबांच्या दारात उभ्या. साहेबांनी बिचाऱ्यांनी शेरा बदलून 'चर्चा करावी' लिहून पाहिलं. बाई म्हणाल्या, तेच ते, आणि पुन्हा आत गेल्या.

मला त्यांचं कौतुक वाटू लागलं होतं, पण कौतुक वाटलं म्हणून जीभ सुधारते असं नाही. सत्त्याहत्तर साली सगळ्यांची सेवापुस्तकं नव्याने लिहायला घेतली. ज्याने त्याने आपली माहिती एका कागदावर लिहून द्यायची. ते कागद गोळा करायचं काम माझ्याकडे होतं. बाईंच्या कागदावर शैक्षणिक पात्रतेच्या रकान्यात लिहिलं होतं, 'बी.ए. (अपूर्ण)'. मी तो कागद उंच धरून सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, बाई, अपूर्ण ही कुठल्या विद्यापीठाची पदवी?

सगळे हसले. जरा जास्तच हसले. रोज दुसऱ्यांचे कागद हलवून आम्हाला लाजवणारी बाई सापडली होती. शिवाय काहींच्या हसण्यात आणखी एक जुना वास होता, तो मला तेव्हाही ओळखू येत होता आणि तरी मीही हसत होतो. या गोष्टीची मला आजही लाज वाटते.

बाईंनी कागद माझ्या हातातून घेतला, वाचला आणि परत दिला. संध्याकाळी बसस्टॉपकडे जाताना मी माफी मागायला म्हणून बरोबर चालू लागलो, तेव्हा त्यांनीच सगळं सांगितलं. कॉलेजची दोन वर्षं करून इंटर झाल्या आणि लग्न ठरलं. बी.ए. लग्नानंतर करू म्हणाल्या. मग नोकरी लागली, मोठी मुलगी झाली, धाकटी झाली, सासूबाई पडल्या. दर जूनमध्ये वाटायचं यंदा फॉर्म भरू. सतरा जून गेले. "तुम्हाला उपदेश करते ना मी, तो माझाच मला असतो," त्या म्हणाल्या. "लोकांचा कागद हलवणं सोपं आहे दीक्षित. त्याला हात लावायला भीती नाय वाटत. आपल्या कागदाला वाटते. नापास झालो तर?" बस आली, त्या चढल्या. माझी माफी तोंडातच राहिली.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला बाईंनी अर्ज लिहिला. बाहेरून बी.ए.ला बसायची सोय विद्यापीठाने ठेवली होती, पण नोकरदाराला ऑफिसची परवानगी लागायची. फॉर्मची शेवटची तारीख पुढच्या गुरुवारी होती. अर्ज वर गेला आणि सोमवारी खाली आला. त्यावर साहेबांनी आपल्या सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'बोलावे'.

सगळं ऑफिस हातातलं काम सोडून बघत होतं. तसं हातात फारसं नव्हतंच. बाई आत गेल्या. साहेब अगदी प्रेमाने बोलले. म्हणाले, बाई, या वयात कशाला दगदग, घरी आजारी माणूस आहे, ऑफिसच्या कामावर परिणाम होईल, यंदा राहू द्या, पुढच्या वर्षी नक्की विचार करू. बाई म्हणाल्या, "साहेब, 'पुढच्या वर्षी' असा विचार मी सतरा वेळा केलाय. आता फॉर्म भरणार आहे. परवानगी दिलीत तर परवानगीने, नाही दिलीत तर तशीच." आणि नमस्कार करून बाहेर आल्या.

हे धाडस लहान नव्हतं. परवानगीशिवाय परीक्षेला बसलं तर वेतनवाढ रोखता येत होती, आणि साहेबांनी मनात आणलं तर आणखीही बरंच काही. वाणींनी बाईंना बाजूला घेऊन समजावलं. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, गुरुवारी अर्ध्या दिवसाची किरकोळ रजा टाका, कारण लिहा 'प्रकृती ठीक नाही', गुपचूप जाऊन फॉर्म भरा, कुणाला पत्ता लागणार नाही. आम्ही सगळे तेच करायचो. आमच्या ऑफिसच्या रजेच्या अर्जांवर विश्वास ठेवला असता तर तिथे एकही धडधाकट माणूस उरला नसता.

बाईंनी रजेचा अर्ज लिहिला. कारण : 'बी.ए.चा फॉर्म भरणे'. वाणी कपाळाला हात लावून बसले. मीही म्हणालो की बाई, निदान 'घरगुती कारण' तरी लिहा. त्या म्हणाल्या, "चोरून करायला ही काय चोरी आहे? सतरा वर्षं लपवलं तेवढं पुरे झालं." गुरुवारी दीड वाजता त्या ऑफिसातून बाहेर पडल्या, कॉलेजच्या खिडकीवर रांगेत उभ्या राहिल्या आणि फॉर्म भरून आल्या.

पंधरा दिवसांनी त्यांच्या नावाने 'कारणे दाखवा' नोटीस निघाली. विनापरवानगी परीक्षेचा अर्ज का केला, याचा सात दिवसांत खुलासा करावा. नोटीस जावक करायची होती, म्हणजे ती आमच्याच टेबलावर आली. बाईंनी स्वतःच्या नोटिशीला स्वतःच जावक नंबर घातला, स्वतःच घेतली, पोच म्हणून सही केली आणि सात दिवस न लावता त्याच दुपारी खुलासा लिहिला. मी तो नोंदवून घेतला म्हणून मला आठवतो. लिहिलं होतं, 'सतरा वर्षांपूर्वी मी हेच काम उद्यावर टाकले. कारणे दाखवा म्हणून नोटीस मला तेव्हा मिळायला हवी होती. ती मिळाली नाही, म्हणून आज ही वेळ आली. आता विलंबाचे कोणतेही कारण माझ्याकडे शिल्लक नाही.'

खुलासा वर गेला. आता काय होतंय म्हणून आम्ही श्वास रोखून. चार दिवसांनी फाईल खाली आली. साहेबांनी बहुधा बराच विचार केला असावा. शिक्षा करायचा त्यांचा स्वभाव नव्हता आणि माफ करायची हिंमत नव्हती. त्यांनी आपलं नेहमीचंच लिहिलं होतं, 'बोलावे'.

मी फाईल बाईंच्या हातात दिली आणि त्या उठतील म्हणून खुर्ची मागे घेतली. बाईंनी शेरा वाचला. फाईल बंद केली. नाडी बांधली. मागच्या मांडणीवर अगदी खालच्या कप्प्यात ठेवली. "जात नाही का?" मी विचारलं. "आता मला बोलायचं नाय," बाई म्हणाल्या. "अभ्यास आहे." बाईंनी आयुष्यात पडू दिलेला तो एकच कागद. साहेबांनीही पुन्हा विचारलं नाही. वर्षभराने त्यांची बदली झाली, नव्या साहेबांना त्या फाईलचा थांगपत्ता नव्हता.

मग अभ्यास सुरू झाला. घरी पगारे स्वतः भाकऱ्या थापू लागले. त्या भाकऱ्या डब्यात यायच्या. एकीला किनार नसायची, दुसरीला मध्यच नसायचा. बाई दहा मिनिटांत जेवायच्या आणि दप्तरखोलीत पुस्तक उघडायच्या. इंग्रजीची त्यांना धास्ती होती. माझं इंग्रजी बरं होतं. मी मोठ्या उदारपणे म्हणालो, मी शिकवीन, सोमवारपासून सुरू करू. बाईंनी दप्तरखोलीतून दुसरी खुर्ची ओढून घेतली आणि म्हणाल्या, आज बुधवार आहे, बसा. दोन वर्षं मी रोज मधल्या सुट्टीत त्यांना इंग्रजी शिकवलं. माझ्या हातून सलग दोन वर्षं झालेली ही पहिली गोष्ट.

पहिलं वर्ष पार पडलं. दुसऱ्या वर्षी, एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात, त्या इंग्रजीत नापास झाल्या. निकाल मी वर्तमानपत्रात बघितला, नंबर नव्हता. दुसऱ्या दिवशी ऑफिसात जायची मलाच हिंमत होईना. शिकवणी माझी होती. बाई नेहमीसारख्या साडेदहाला आल्या आणि टेबलाशी उभ्या राहिल्या. सगळ्यांकडे वळून म्हणाल्या, "मी नापास झाले. इंग्रजीत. कुणाला काही म्हणायचं असेल तर आत्ता म्हणा, साडेअकराला टपाल येतं." वाणींनी उठून त्यांना आपल्या हाताने पाण्याचा पेला दिला. त्या ऑफिसात त्यांनी बाईंना पाणी द्यावं ही गोष्ट साधी नव्हती. बाईंनी पाणी पिऊन पेला टेबलावर ठेवला आणि ऑक्टोबरच्या परीक्षेच्या फॉर्मची तारीख मला विचारली.

मला वाईट वाटलं ते पुढच्याच महिन्यात माझी घोटीला बदली झाली म्हणून. शिकवणी मध्येच तुटली. उरलेले धडे बाईंनी एकटीने केले.

निकाल सांगून टाकतो, उगाच ताणण्यात अर्थ नाही. बाई ऑक्टोबरला पास झाल्या. मला घोटीला पोस्टकार्ड आलं. त्यावर मजकूर इतकाच, 'पास. तिसरा वर्ग. तुमच्या परीक्षेचे काय?' या कार्डाला काय उत्तर लिहावं ते सुचेना, म्हणून मी आधी खात्याच्या परीक्षेचा फॉर्म भरला आणि मग उत्तर लिहिलं. एक्क्याऐंशीत त्या बढती मिळून धुळ्याकडे गेल्या. पत्रं येत-जात राहिली. भेटू भेटू म्हणत भेट झाली नाही. झाली नाही असं म्हणणंही खोटं आहे, मी गेलो नाही. अठ्ठ्याऐंशीत त्या वारल्याचं पगाऱ्यांनी कळवलं तेव्हा मी घोटीच्या पोस्टात उभा होतो.

पण मला बाई दिसतात त्या त्या ऑक्टोबरमधल्या. पेपरच्या दिवशी मी घोटीहून पहाटेची एसटी धरून नाशिकला आलो होतो. पेपर सुरू होण्यापूर्वी पाच मिनिटं भेटायचं, धीर द्यायचा आणि अकराच्या गाडीने परत जायचं, असा बेत. कॉलेजच्या दारात ही गर्दी. पोरं-पोरी, त्यांचे आईबाप, हातात डबे, पाण्याच्या बाटल्या. बाई एकट्याच आल्या होत्या. पांढरं पातळ, हातात फक्त पेन आणि परीक्षेचं प्रवेशपत्र. मला बघून त्यांनी नुसती मान हलवली. धीर माझ्याच चेहऱ्यावर नव्हता, तो मी कुठून देणार?

घंटा झाली. पोरं आत जाऊ लागली. बाई पायरी चढल्या तोच दारातल्या तरुण प्राध्यापकाने हात आडवा केला आणि अदबीने म्हणाला, "बाई, पालकांनी बाहेर थांबायचं."

मागची दोन-तीन पोरं हसली. बाई थांबल्या. क्षणभर मला वाटलं, आता त्या वळतील. त्यांनी प्रवेशपत्र त्याच्यापुढे धरलं.

"माझे पालक वारले," त्या म्हणाल्या. "पेपर मीच देणार आहे."

तो प्राध्यापक ओशाळून बाजूला झाला. बाई आत गेल्या. वऱ्हांड्यातून त्यांची पाठ दिसत होती, ताठ, कुठेही न थबकता वर्गाचे नंबर वाचत चाललेली. मग त्या एका दारातून वळल्या. आणि दिसेनाशा झाल्या.

अकराची गाडी मी सोडली. फाटकाबाहेर झाडाखाली पालक बसले होते, त्यांच्यात जाऊन बसलो. शेजारी एक बाई मुलीचा डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, तुमचं कोण आहे आत?

"आमच्या बाई आहेत," मी म्हटलं. "बी.ए.ला बसल्यात."